व्यसनमुक्तीच्या सरकारी अनुदानाची तयारी : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या संस्थांसाठी

अर्ज भरायला बसण्याआधी संस्थेचं नाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. आपल्या भागात सगळ्यात जास्त इथंच अडतं. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं; त्यामुळं नोंदणीपत्रावर एक, पॅनवर दुसरं आणि बँकेत तिसरंच असं होतं. कानडी कागदावर ‘मंडळ’चं ‘मंडळी’ झालेलं असतं, तेही बघा. दुरुस्तीत महिने जातात, म्हणून हे काम पहिलं.

त्यानंतर लागतात ते स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा युनिक आयडी, पीएफएमएस (सरकारी पैसा खात्यात जमा होण्याची आणि त्यावर लक्ष ठेवण्याची ऑनलाइन व्यवस्था) नोंदणी, मागच्या 3 वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब आणि अर्जावर सही कोण करणार याचा कार्यकारिणीचा ठराव. भाडेकरार किंवा पंचायतीचा दाखला कानडीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, फाईल शेवटी दिल्लीत वाचली जाते.

केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याचा अंमली पदार्थांची मागणी कमी करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा 2018 पासून आहे. अनुदान त्याखालीच मिळतं, म्हणून त्यातलं कोणतं काम करणार ते आधी ठरवा. शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांमध्ये त्यांच्याच बरोबरीच्या मुलांकडून काम, वस्तीत फिरून संपर्क आणि येऊन बसायची जागा, की खाटांचं पुनर्वसन केंद्र? पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यानं खाटांच्या मागं लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. खाटा ठेवल्या की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली राज्य प्राधिकरणाकडं नोंदणी आली, डॉक्टर आले, रात्रपाळी आली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. माणूस दगावूही शकतो. रुग्णाला साखळीनं बांधायला हाच कायदा मनाई करतो.

काम कोणतंही घेतलंत तरी ओव्हरडोससाठी तुमच्या कामाच्या आराखड्यात एक वेगळं पान लिहा. ‘जनजागृती करू’ एवढ्यानं भागत नाही. अफूवर्गीय (हेरॉईन, ब्राउन शुगरसारखी) नशा जास्त झाली की श्वास मंदावतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात. अशा वेळी 108 ला फोन, श्वास असेल तर कुशीवर झोपवणं, थांबत असेल तर तोंडानं श्वास देणं, हे कार्यकर्त्यांकडून सरावाच्या बाहुलीवर करवून घ्या आणि त्या बाहुलीचा खर्च बजेटमध्ये दाखवा. अफूवर्गीय नशेचा असर उतरवणारं नालोक्सोनचं इंजेक्शन डॉक्टरच्या चिठ्ठीनंच मिळतं, म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात ते आहे का हे आधी विचारून ठेवा. ते दारूवर किंवा झोपेच्या गोळ्यांवर चालत नाही. त्याचा असर साधारण 30 ते 90 मिनिटंच टिकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यायलाच हवा. घरचे ‘आता बरा आहे’ म्हणून परत नेतात आणि नशा पुन्हा चढते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्याला सगळ्यात जास्त धोका असतो. अंगाची सवय मोडलेली असते आणि तो डोस मात्र जुनाच घेतो. अशांची पहिल्या महिन्यातली घरभेट वेळापत्रकात तारखेनिशी लिहा.

खानापूरच्या जंगलातल्या कणकुंबी, हेमाडगा भागात काम असेल तर गाडीभाडं वेगळं धरा. रात्री गाडी कोण काढणार, त्याचं नाव आणि फोन भिंतीवर लावा. लोक पोलिसांच्या भीतीनं गप्प बसतात, त्यांना 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक द्या. माहितीपत्रक मराठी आणि कानडी दोन्हींत छापा.

पैसे हप्त्यानं येतात आणि उशिरा येतात. मानधन आणि भाडं निदान चार महिने स्वतःच्या बळावर भागेल एवढी गंगाजळी हवी. मंजूर बाबीचा पैसा परवानगीशिवाय दुसरीकडं वळवू नका. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याजही सरकारला परत करायचं असतं, ते पासबुकावर वेगळं दिसू द्या. घेतलेल्या वस्तूंची नोंदवही पहिल्या खरेदीपासून ठेवा आणि वर्ष संपलं की विनियोग प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्च झालं याचा दाखला) लागतं, त्यासाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच ऑडिटरची वेळ घ्या, एप्रिलमध्ये ते मिळत नाहीत.