थंडीत पोंगा अडकलेली परसातली केळ

डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडं पारा १० अंशांखाली उतरला की परसातली केळ रुसते. पोंगा, म्हणजे शेंड्यातलं गुंडाळलेलं नवं पान, अर्धवट उलगडून अडकतो, पानांच्या कडा पिवळ्या पडून जळतात. संशय खतावर जातो आणि बुडाशी युरिया पडतो. तीच चूक. गारठलेल्या मातीत मुळं मंदावलेली असतात, आणि युरियानं जी काही कोवळी वाढ होते ती आधी जळते.

फरक पडला तो पाण्याची वेळ बदलल्यावर. सकाळी टाकीचं गार पाणी देणं बंद केलं आणि रात्री थेट विहिरीचं कोमट पाणी सोडलं. बोअरचंही चालतं. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. पण आळ्यात पाणी तुंबू द्यायचं नाही. आपल्या काळ्या मातीत निचरा हळू, कंद कुजतो. झाडामागं अर्धा किलो निंबोळी पेंड, वर चार बोटं उसाचं पाचट, बुंध्यापासून वीतभर लांब. वारा येतो त्या बाजूला शेवरीच्या झाडांची दाट रांग. तेवढा धीर नसेल तर शेडनेट.

अडकलेला पोंगा हातानं ओढू नका, मोडतो. करप्याचे, म्हणजे बुरशीच्या रोगाचे, डाग असलेला पानाचा तुकडा कापून जाळा, हिरवा भाग राहू द्या. शेजारचा हत्तीकान अळू पार बसला तरी उपटायची घाई नको: पाणी कमी करा, कंद दाबून बघा. टणक असेल तर ऊन तापल्यावर फुटतो. कर्दळीला यातलं काहीच लागत नाही.