जुना ड्राफ्ट पुन्हा कसा तपासावा: सीहॉक्सची 2012 ची निवड

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये दरवर्षी संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि दुसऱ्याच दिवशी संघांना श्रेणी वाटल्या जातात. 2012 मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सला काहींनी थेट नापास केलं होतं. 2 फेब्रुवारी 2014 ला त्याच ड्राफ्टमधला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) खेळवत या संघाने डेन्व्हरला 43-8 असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. फेरतपासणीची रीत शिकायला याहून चांगला ड्राफ्ट नाही.

1. चार हंगाम होऊ द्या. नव्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी संघाला पाचव्या वर्षाचा पर्यायही मिळतो. त्याआधी काढलेला निष्कर्ष कच्चाच.

2. तक्त्यात क्रमांक, खेळाडू, मैदानावरची जागा, संघासाठी खेळलेले हंगाम आणि संघ कसा सुटला हे रकाने करा. सीहॉक्सच्या दहा निवडी होत्या. त्यांत 15 वर ब्रूस अर्विन, 47 वर बॉबी वॅग्नर, 75 वर क्वार्टरबॅक रसेल विल्सन आणि सातव्या फेरीत 225 वर जे. आर. स्वीझी.

3. सौदे जोडून घ्या. बहुतेकांची चूक इथेच होते. सीहॉक्सची मूळ पाळी 12 वी होती. ती त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन 15, 114 आणि 172 हे क्रमांक घेतले. म्हणजे एका पारड्यात फिलाडेल्फियाने घेतलेला फ्लेचर कॉक्स आणि दुसऱ्यात अर्विन, जे हॉवर्ड व जेरेमी लेन हे तिघे. नुसतं ‘अर्विन की कॉक्स’ विचारलं तर दोन खेळाडू हिशेबातून गळतात. प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या जुन्या गुणतक्त्यात (प्रत्येक क्रमांकाची किंमत ठरवणारा तक्ता) 12 व्या क्रमांकाला 1200 गुण आहेत, 15 व्याला 1050 आणि 114 व्याला 66. 172 व्याचे थोडे गुण धरूनही सिअ‍ॅटलच्या पदरात किंचित कमीच पडलं. त्यात कॉक्स पुढे फार मोठा खेळाडू झाला. हा सौदा सीहॉक्सच्या खात्यात तोटा म्हणूनच लिहावा, बाकीचा ड्राफ्ट कितीही उजळ असो.

4. खेळाडूची कारकीर्द आणि संघाला मिळालेला उपयोग वेगळे मोजा. हॉवर्डला सीहॉक्सने 2013 मध्येच सोडलं आणि तो रमला कॅन्सस सिटीत. पारख करणाऱ्यांना त्याचे गुण द्या, संघाला नको. वॅग्नर 2021 पर्यंत सिअ‍ॅटलकडे होता आणि 2023 मध्ये पुन्हा आला. पण ते पुनरागमन नव्या कराराने झालं. ते वर्ष ड्राफ्टच्या खात्यात धरू नका.

5. तुलना योग्य माणसाशी करा. नियम असा: त्याच जागेचे आणि संघाच्या पुढच्या पाळीआधी उचलले गेलेले खेळाडू पाहा. 15 व्या क्रमांकावर अर्विन घेतला तेव्हा चँडलर जोन्स शिल्लक होता आणि 21 व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने त्याला नेलं. ही टीका रास्त आहे. वॅग्नरच्या अगदी आधी, 46 वर मायकल केंड्रिक्स गेला होता, म्हणून तो तुलनेत येत नाही; नंतर 58 वर गेलेला लवॉन्टे डेव्हिड येतो. डेव्हिडही उत्तम निघाला, पण 2014 ते 2020 मध्ये सहा वेळा ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या) पहिल्या संघात आलेल्या वॅग्नरबद्दल तक्रारीला जागा नाही.

6. आकडे जागेनुसार निवडा. अर्विनने पहिल्याच वर्षी 8 सॅक केले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं. पुढच्या वर्षी त्याला लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागचा खेळाडू) केलं, त्यामुळे नुसते सॅक मोजून तो घसरला म्हणणं अन्यायाचं. गार्डच्या (आक्रमणाच्या पुढच्या फळीत क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्याच्या) नावावर तर असे आकडे नसतातच. त्याचे सुरुवातीपासून खेळलेले सामने मोजा. स्वीझी कॉलेजात बचावफळीत होता. सीहॉक्सने त्याला गार्ड बनवलं आणि सुपर बोलमध्ये तो पहिल्या अकरात होता. 225 व्या क्रमांकावर यापेक्षा जास्त मागू नये.

7. पैसा धरा. विल्सनचा पहिला करार चार वर्षांचा, एकूण सुमारे 30 लाख डॉलरचा होता. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2011 च्या कामगार करारानुसार तीन हंगामांआधी तो वाढवताही येत नव्हता. कसलेल्या क्वार्टरबॅकला द्यावी लागणारी रक्कम वाचल्यामुळेच 2013 मध्ये मायकल बेनेट आणि क्लिफ अ‍ॅव्हरिल यांना एकाच वेळी घेणं सोपं झालं. जुलै 2015 मध्ये विल्सनचा नवा करार 8 कोटी 76 लाखांचा झाला आणि हा फायदा संपला. त्याआधीची वर्षं तक्त्यात वेगळ्या रंगात ठेवा.

8. शेवटी बेरीज दोनदा करा, एकदा क्वार्टरबॅक धरून आणि एकदा वगळून. ही जागा इतकी भारी असते की ती बाकीच्या सगळ्या चुका झाकते. इथे विल्सन काढला तरी वॅग्नर, अर्विन, स्वीझी आणि लेन उरतात, म्हणजे ड्राफ्ट चांगल्याच्या वरच राहतो. विल्सनसह तो दशकातल्या सर्वोत्तमांत बसतो. दोन्ही श्रेणी शेजारी-शेजारी लिहा, सरासरी काढू नका.