काजळीला आधी पाणी लावू नका

आग विझली की पहिला हात जातो तो ओल्या फडक्याकडे. तेवढं मात्र टाळा. काजळी म्हणजे कार्बनचे अतिशय बारीक, तेलकट कण. पाणी लागलं की ते रंगात आणि प्लास्टरमध्ये मुरतात, आणि भिंतीवरचा काळा पट्टा मग निघता निघत नाही.

विम्यासाठी फोटो आधीच काढून ठेवा. वायरिंग तपासून होईपर्यंत मेन स्विच बंदच असू द्या. पंखा किंवा एसी लावला तर काजळी घरभर उडते. मास्क, हातमोजे घालूनच कामाला लागा, मुलांना लांब ठेवा.

सुटी काजळी व्हॅक्यूमने ओढा, पण नळीचं तोंड भिंतीला टेकवू नका, बोटभर अंतर ठेवा. मग काजळीसाठी मिळणारा कोरडा रबरी स्पंज वरून खाली, एकाच दिशेने ओढा. घासायचं नाही. स्पंज काळा झाला की तो थर कापून टाकायचा, धुवायचा नाही. एवढं झाल्यावरच साबणाचं कोमट पाणी, आणि तेही खालून वर, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत.

धूर किंवा आच लागलेलं उघडं अन्न आणि औषधं जीव कितीही तुटला तरी टाकूनच द्या.