कोल्हापुरात शिकायला येताय? ओळखी होतीलच, आधी कागद करा

पुण्या-मुंबईत ज्या माणसाला गाठायला तीन आठवडे मेल टाकत बसावं लागतं, तसा माणूस इथे सकाळी रंकाळ्यावर फिरताना भेटतो आणि ‘या की दुपारी डिपार्टमेंटला’ म्हणून मोकळा होतो. नवख्या डॉक्टरला आणि संशोधकाला कोल्हापूर आवडतं ते यासाठी. तांबडा-पांढरा, परवडणारी खोली, कमी ट्रॅफिक ही कारणं नंतरची. ट्रॅफिकचं म्हणाल तर संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरला उभं राहून बघा.

गावाचा आकारच सोयीचा आहे. सीपीआर हे सरकारी रुग्णालय दसरा चौकाजवळ, डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय कसबा बावड्यात, शिवाजी विद्यापीठ विद्यानगरला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं शेंडा पार्कचं आवार त्याच्या खाली दक्षिणेला. दुचाकीवर कुठूनही कुठे वीस-पंचवीस मिनिटं. वॉर्डात रुग्ण बघणारा निवासी डॉक्टर, त्या रुग्णाच्या रक्तावर काम करू शकणारा बायोकेमिस्ट आणि नॅनोकणांच्या मागे लागलेला भौतिकशास्त्राचा पीएचडीवाला एकाच टपरीवर चहा पिऊ शकतात. विद्यापीठ १९६२ चं आणि तिथलं थिन फिल्मचं, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांचं, काम जुनं, त्यामुळे पदार्थविज्ञानाची माणसं गावात मुबलक. बाहेरच्या विद्यार्थ्याला ठेवून घेणंही गावाला नवीन नाही; शाहू महाराजांनी पहिलं बोर्डिंग काढलं ते १९०१ साली.

दुसरं कारण रुग्ण. आंबा, करूळ, फोंडा, आंबोली या चारही घाटांनी कोकणातली माणसं इथे वर येतात, निपाणी-चिक्कोडीकडून सीमाभागातली येतात. सिंधुदुर्गातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आणि दोडामार्गाकडचा माकडताप पुस्तकात वाचलेला असतो, इथे तो डोक्यात ठेवावा लागतो. सर्पदंश तर पावसाळाभर. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे ‘पोटात कळ मारतीया’ म्हणून येतो, चाव्याची खूण दिसत नाही, आणि बघता बघता पापण्या उतरतात. ही मण्यार. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही; त्यासाठीची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सगळ्यांना पाठ असते, तरी ती चुकते, आणि चुकते ती नळीमुळे. नळी काचेचीच हवी, स्वच्छ आणि कोरडी. त्यात २ मिली ताजं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही, आणि गरज नसलेल्या माणसाला प्रतिविष जातं.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फौंड्र्या, इचलकरंजीत यंत्रमाग. ‘काम काय करता?’ याला ‘कंपनीत’ असं उत्तर आलं की हिस्ट्री संपली असं समजू नका. मोल्डिंगला, कोअरला, फेटलिंगला की शॉट ब्लास्टिंगला, किती वर्षं, तोंडाला काही बांधत होता का, हे विचारा. दहा-पंधरा वर्षं वाळूची धूळ खाल्लेल्या माणसाच्या फुप्फुसातला सिलिकोसिस एक्स-रेवर टीबीसारखा दिसू शकतो, आणि दोन्ही एकत्रही असतात. प्रबंधाचा विषय शोधायला दिल्लीच्या जर्नलकडे बघत बसणाऱ्यांनी एकदा शिरोलीच्या गेटवर पाळी सुटताना उभं राहावं.

आता सापळा. यावर जास्त लिहितोय, कारण यात हुशार मुलं अडकतात.

इथे कामं ओळखीवर सुरू होतात. गाईड फोन उचलतात, विद्यापीठातल्या एखाद्या सरांशी बोलतात, ‘पोरगं पाठवतोय, सँपल घ्या’. दुसऱ्या दिवशी तुम्ही बर्फाची पेटी घेऊन हजर. रुग्णांवरच्या संशोधनाला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीचं काय? ‘मीटिंग पुढच्या महिन्यात आहे, तू सुरू कर, आपलीच माणसं आहेत.’ पुढच्या महिन्यात कोरम भरत नाही. कमिटीत किमान सात सदस्य लागतात, बैठकीला किमान पाच, त्यात संस्थेबाहेरची आणि वैद्यकीय नसलेली माणसंही. एखादे वकीलसाहेब तारखेला अडकले की बैठक पुढे. मग गणपती, मग दसरा. पत्र हातात पडतं तेव्हा तुमच्याकडे चाळीस रुग्णांची नोंद झालेली असते आणि पत्रावर तारीख असते आजची.

ते चाळीस रुग्ण गेले. मागच्या तारखेपासून मान्यता देण्याची सोय कमिटीला नाही. जर्नल मान्यतेचा क्रमांक आणि तारीख मागतं, संमतिपत्रावर रुग्णाने स्वतःच्या हाताने टाकलेली तारीख असते, लॅबच्या रजिस्टरात नमुना आल्याची तारीख असते. तीन तारखा शेजारी ठेवल्या की सगळं उघडं पडतं. उपचाराची किंवा कसलीही क्लिनिकल चाचणी (ट्रायल) करणारा अभ्यास असेल तर आणखी एक दार बंद: सीटीआरआय या अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत १ एप्रिल २०१८ पासून फक्त आधीची नोंदणी चालते, म्हणजे पहिला रुग्ण घेण्याआधीची. ‘नंतर करू’ हा पर्यायच उरलेला नाही. त्या नोंदणीला एथिक्सचं पत्र जोडावं लागतं, तिकडून शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, त्यात काही आठवडे जातात.

तेव्हा क्रम असा. प्रोटोकॉल विभागात मान्य करून घ्या, एथिक्सकडे द्या, लेखी पत्र हातात घ्या, चाचणी असेल तर सीटीआरआय क्रमांक घ्या, मग पहिला रुग्ण. नमुना दुसऱ्या संस्थेत जाणार असेल तर प्रोटोकॉलमध्येच ते लिहा आणि त्या संस्थेच्या कमिटीलाही कळवा. दोन संस्थांमध्ये सामंजस्य करार किंवा नमुना हस्तांतराचा करार हवा. त्यात चार गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या असाव्यात: नमुना कोणाचा, उरलेल्याचं काय करायचं, निकाल कोण वापरणार, पेपरवर नावं कोणाची आणि कोणत्या क्रमाने. शेवटची गोष्ट लिहायला सगळ्यांना अवघड वाटतं. लिहा तरीही. चहावर ठरलेला नावांचा क्रम पेपर स्वीकारला जाईपर्यंत कोणालाच आठवत नाही.

‘माझा अभ्यास नुसता केसपेपरचा आहे, मला मान्यता लागत नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: सूट असते, पण ती कमिटी देते, तुम्ही स्वतःला देऊ शकत नाही.

आणि आधीच अडकला असाल तर? घाबरून तारखा खोडू नका. तारीख खोडणं ही एकच चूक अशी आहे की जिच्यातून परत येता येत नाही. बाकी सगळ्यातून येता येतं. तपासणीसाठी काढलेलं आणि उरलेलं रक्त असेल, नाव-पत्ता काढून टाकता येत असेल, तर त्यावर नव्याने अर्ज करून संमतीतून सूट मागता येते. जुन्या नोंदींवरचा अभ्यास म्हणूनही नवा अर्ज करता येतो. निर्णय कमिटीचा, पण प्रामाणिकपणे सांगितलेल्या अर्जाला वाट काढून द्यायचा प्रयत्न बहुतेक ठिकाणी होतो. काही झालं तर चार महिने जातील. डिग्री जात नाही.

संमतिपत्र मराठीत हवंच. इथे कन्नडमध्येही हवं. निपाणीपलीकडच्या आजीला मराठी कळतं म्हणून तिला मराठी कागद वाचता येतो असं नाही. भाषांतर एकाकडून करून घ्या, ते परत मराठीत दुसऱ्याकडून करून घ्या आणि ताडून बघा. प्रश्नावलीत ‘सौम्य ज्वर’ लिहिलंत तर उत्तर मिळणार नाही. ‘अंगात कसर असते का?’ विचारा, लगेच मिळेल.

नमुन्यांबद्दल थोडं. सीरमसाठी साध्या लाल झाकणाच्या नळीत रक्त घेऊन अर्धा तास उभं ठेवा, गोठू द्या, मग फिरवा. ‘तीन हजार आरपीएम, दहा मिनिटं’ असं सगळे सांगतात, पण आरपीएम हे अर्धंच उत्तर आहे. रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर तीन हजारला साधारण १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोर) मिळतात, १६ सेंमी असेल तर १६०० च्या आसपास. रुग्णालयातलं यंत्र वेगळं, विद्यापीठातलं वेगळं. म्हणून वहीत जी लिहा. अख्खं रक्त गोठवून नेऊ नका, पेशी फुटतात आणि पोटॅशियम, एलडीएच सगळं खोटं वाढतं. सीरम रुग्णालयातच वेगळं करा, अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या नळ्यांत भरा, म्हणजे एकच नळी पाचदा वितळवावी लागणार नाही. जेलच्या पिशव्यांनी फार तर २ ते ८ अंश राहतात. गोठलेला माल त्यात नेला तर वाटेत वितळतो. कोरडा बर्फ मिळणार नसेल तर त्याच दिवशी, न गोठवता न्या. नळीवर रुग्णाचं नाव नको, कोड हवा, आणि तो थंडीत टिकणाऱ्या लेबलवर. साध्या मार्करचं अक्षर दव धरल्यावर बोटाने पुसलं जातं.

वेळेचा हिशोब बहुतेकजण पहिल्या वर्षी करत नाहीत. एमडीचे ३६ महिने. पहिले सहा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) आणि एथिक्समध्ये. शेवटचे सहा परीक्षेचे, कारण प्रबंध त्याआधी द्यायचा. उरले २४. जिल्हा निवासी कार्यक्रमाचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या कामाचे, तीन वजा, विश्लेषण आणि लिखाणाचे चार वजा. हातात सतरा. आता नमुना संख्या: ४ पीक्यू भागिले डी वर्ग (पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभर वजा पी, डी म्हणजे चालणारी चूक). प्रमाण ३० टक्के आणि चूक ५ टक्के धरली तर ४ × ३० × ७० ÷ २५, म्हणजे ३३६. महिन्याला वीस रुग्ण. तुमच्या युनिटला त्या आजाराचे महिन्याला वीस येतात का, हे गाईडना विचारू नका, रेकॉर्ड रूममध्ये जाऊन मागच्या वर्षीचं रजिस्टर मोजा. कमी येत असतील तर विषय आत्ताच बदला. चूक प्रमाणाच्या २० टक्के, म्हणजे ६, धरून संख्या २३४ वर आणता येते. ते चालतं, पण का धरली ते प्रोटोकॉलमध्ये आधी लिहा, आकडे हातात आल्यावर नाही.

फॉलोअपचा अभ्यास असेल तर पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही बघा. ऊसतोडीची माणसं हंगामापुरती. कारखान्यांची धुराडी बंद झाली की तुमचा तिसऱ्या महिन्याचा फॉलोअप बीडला गेलेला असतो. कोकणातला रुग्ण जुलैत घाट चढून फक्त तुमच्या फॉर्मसाठी येणार नाही. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला ओपीडी ओस.

गाईडबद्दल एकच मत, आणि ते बदलणार नाही: नावाजलेल्यापेक्षा जागेवर सापडणारा बरा. दुपारी तीननंतर जो विभागात बसलेला असतो आणि तुमच्या पहिल्या मसुद्यावर लाल रेघा मारतो, तो धरा. ‘स्टॅटिस्टिक्सचं टेन्शन घेऊ नको, एक माणूस आहे, पी व्हॅल्यू काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नलंही तसलीच. बीसीबीआर हा संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स पहिल्याच वर्षी उरकायचा असतो. नुसतं प्रमाणपत्र काढू नका, त्यातले नमुना निवडीचे भाग खरंच ऐका. एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस ही विद्यार्थी संशोधन योजना आहे, रंगीत तालीम म्हणून तिच्याइतकं चांगलं काही नाही.

लोकांना सुचत नाही अशी एक सोय इथे आहे: छोट्या कारखान्यांचं उद्यमनगर. नमुना धरायचा होल्डर, चाचणीसाठी छोटा साचा, एखादा जिग, कॅटलॉगमधून मागवाल तर महिना जातो. उद्यमनगरात कागदावर मापं घेऊन जा, लेथवाला समोर बनवून देतो. फक्त मापं मिलिमीटरमध्ये आणि कमी-जास्त किती चालेल ते लिहून न्या. खाऱ्या द्रावणात राहणार असेल तर एसएस ३१६ मागा. नुसतं ‘स्टेनलेस’ म्हटलं की ३०४ मिळतं आणि त्याला सलाईनमध्ये बारीक खड्डे पडू शकतात. ऑटोक्लेव्हला १२१ अंशाला टिकणार नाही असं प्लास्टिक मध्ये बसवू देऊ नका.

उणिवाही आहेत. अतिविशेष शाखांची माणसं मोजकी, मोठ्या परिषदा लांब. मिरज पन्नास किलोमीटर, बेळगाव एकशे दहाच्या आसपास, पुणे दोनशे तीस. महिन्यातून एक शनिवार त्यासाठी धरून ठेवा. आणि वर्तुळ लहान आहे. सकाळी गाईडशी झालेली कुरबुर संध्याकाळपर्यंत तीन विभागांत पोचते, तेव्हा तक्रार करायची तर योग्य ठिकाणी, लेखी.

खोली घेताना पंचगंगा विसरू नका. भाडं कमी दिसलं तर मालकाला नको, शेजारच्या किराणावाल्याला विचारा: २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं? रमणमळा, दुधाळी, नागाळा पार्कचा खालचा भाग, शाहूपुरीतली कुंभार गल्ली इथे पावसाळ्यात जीव टांगणीला असतो. राजारामपुरी, सम्राटनगर, विद्यापीठाची बाजू उंचावर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. ३९ ओलांडलं की फ्रीझरचा बॅकअप तपासा, नमुन्यांची यादी छापून एक प्रत घरी ठेवा, आणि पुण्याला पाठवायचा डबा असेल तर त्याच दिवशी पाठवा. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की कुरिअर काही दिवस हलत नाही.