मोठ्या प्लांटेड टँकचा फिल्टर: घेण्याआधीची तयारी

मासे आणि पाणवनस्पती ठेवायच्या दोन फुटी टँकवरून चार फुटीवर जायचं ठरलं की सगळं बोलणं काच, स्टँड आणि लाइटचं होतं. फिल्टर ‘बघू नंतर’ म्हणून मागे पडतो. खरं तर तोच आधी ठरवा. नवा टँक भरण्याच्या निदान महिनाभर आधी तो घरी येऊन जुन्या टँकवर फिरत असायला हवा, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात वसतात.

सुरुवात लिटरपासून करा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. १२० × ४५ × ४५ चा टँक म्हणजे २४३ लिटर. माती, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी २०० लिटरच्या आसपास उरतं. आता खोक्यावरचा ‘ताशी १००० लिटर’ हा आकडा पाहा. तो बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंग भरल्या, नळ्यांना दोन वळणं पडली, थोडा गाळ साचला की प्रवाह बरेचदा निम्म्यावर येतो. म्हणून २०० लिटरसाठी छापील आकडा १००० ते १४०० असलेला घ्यावा. सारख्याच आकड्याचे दोन फिल्टर समोर असतील, तर ज्याच्या टोपल्यांत जास्त मीडिया, म्हणजे स्पंज-रिंग, मावतो तो निवडा. जिवाणूंना राहायला जागा तिथेच मिळते.

मागे टांगायचा फिल्टर दोन फुटांना पुरतो. चार फुटांत मात्र दूरच्या कोपऱ्यात पाणी हलत नाही, पानांवर शेवाळ धरतं. शिवाय वरून पडणाऱ्या पाण्याने झाडांसाठी विकत घेतलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. संपची, म्हणजे टँकखाली ठेवायच्या वेगळ्या फिल्टर-टाकीची, क्षमता मोठी असते, पण तिथेही गॅस जातोच. गॅस देणार असाल तर सरळ कॅनिस्टर घ्या, म्हणजे स्टँडच्या कपाटात ठेवायचा, नळ्यांनी टँकला जोडलेला बंद डब्याचा फिल्टर. त्यात आधी जाड स्पंज, मग रिंग, शेवटी बारीक फायबर. फिल्टरमधल्या कार्बनची (कोळशाची) रोज गरज नाही. नव्या लाकडाचा पिवळेपणा किंवा औषध काढायचं असेल तेवढ्यापुरता तो ठेवा. स्टँडच्या कपाटाची आतली उंची आधी मोजा. फिल्टर बसतो, पण वर नळी वळायला जागा नसते, असं सर्रास होतं.

आता आमच्या इंदूरचं. इथे नर्मदेचं पाणी रोज येतंच असं नाही, आणि उन्हाळ्यात अनेक घरांत बोरिंगचं मिसळतं. जड पाण्याचा पांढरा थर पंपाच्या इम्पेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यावर, बसतो. तो अधूनमधून काढून पुसायचा. पाणी हलकं करण्याचं काम हा फिल्टर करत नाही, हेही लक्षात असू द्या. स्पंज आणि रिंग नळाखाली कधीच धुऊ नका. क्लोरिनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच त्या हलक्या हाताने खळबळाव्यात.

मे-जूनची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना जेमतेम ७.३. त्यात वादळ येऊन लाइट गेली की बंद कॅनिस्टरमधले जिवाणू आतला ऑक्सिजन काही तासांत संपवतात. लाइट बराच वेळ गेली असेल, तर आतलं पाणी ओतून द्या आणि मगच सुरू करा. एवढ्या कॅनिस्टरला वीस-पंचवीस वॅट पुरतात, घरच्या इन्व्हर्टरवर तो सहज चालतो. मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच लहर देणारा, असावा. नसेल तर पंप गुणगुणतो आणि तापतो. बॅटरीवरचा एअर पंप तरी घरात हवाच.

जुना फिल्टर विकू नका. नवा टँक लागला की जुन्या फिल्टरचा ओला स्पंज सुकू न देता नव्या कॅनिस्टरमध्ये ठेवा, किंवा दोन्ही फिल्टर काही आठवडे एकत्र चालवा. नवी अ‍ॅक्वा सॉइल, म्हणजे टँकमधल्या झाडांसाठीची खास माती, सुरुवातीला माशांना घातक असा अमोनिया सोडते. त्यामुळे टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट सलग काही दिवस शून्य दिसेपर्यंत मासे जुन्याच टँकमध्ये राहू द्यावेत. खरेदी करताना जास्तीची ओ-रिंग, एक इम्पेलर आणि नळ्यांना दोन्हीकडे बंद होणाऱ्या तोट्या मागून घ्या. दुकानदाराकडे हे सुटे भाग मिळत नसतील, तर तो फिल्टर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.