शर्यतीत पायांआधी मन का थकतं? सायकलपटूंनो, या चुका टाळा

सराव झालाय, सायकल उत्तम आहे, तरी शर्यतीच्या दिवशी ऐन वेळी अवसान गळतं. ही तक्रार केली की ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला हमखास मिळतो. पण छातीत श्वास मावेनासा झाला की सुविचार आठवत नाहीत. तेव्हा कामाला येतो तो आधीच घेऊन ठेवलेला निर्णय.

घाटात पुढच्याचं चाक सुटलं, म्हणजे शर्यत संपली

मुंबई-पुणे शर्यतीचा बोरघाट घ्या. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढायची असते. ‘घाटाचा राजा’ व्हायला निघालेले हलक्या अंगाचे गडी तिथे वेग वाढवतात. पुढच्याचं चाक दहा-पंधरा मीटर लांब गेलं, की मागचा मनातल्या मनात शर्यत सोडतो. वास्तविक लोणावळ्यापासून पुणे अजून साठेक किलोमीटर असतं आणि रस्ता बराचसा सपाट-उताराचा. तिथे पुढे एकटा निघालेला वाऱ्याशी झुंजत असतो, तर आळीपाळीने पुढे राहून वारा झेलणारे, म्हणजे ‘ओढणारे’, चार-पाच जण त्याला गाठू शकतात. म्हणून आदल्या रात्रीच ठरवा: चाक सुटलं तर आपल्याला झेपेल त्या वेगावर यायचं, आजूबाजूला जोडीदार हेरायचे आणि माथा ओलांडताच ओढायच्या पाळ्या लावायच्या.

उलट चूकही तितकीच महागात पडते. इरेला पेटून पुढच्याला चिकटून राहायचं आणि घाटाच्या मध्यावरच पार ढेपाळायचं. याला जिद्द म्हणणं मला तरी पटत नाही.

भुकेला निराशा समजणं

तिसऱ्या तासाला ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असं वाटू लागलं तर आधी खिसा तपासा. सकाळपासून ठेवलेली केळी, चिक्की तशीच आहे का? जोरात सायकल मारताना शरीरातला साखरेचा साठा साधारण दीड-दोन तासांत संपत येतो. मेंदूलाही साखरच लागते, त्यामुळे चिडचिड, रडकुंडी, सोडून द्यावंसं वाटणं हे सगळं ओघाने येतं. लांबच्या शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत, अर्थात तेवढी पचवायची सवय सरावात लावूनच. पहिला घास अर्ध्या तासाच्या आत. खा, पाणी प्या, वीस मिनिटं थांबा आणि मगच स्वतःबद्दल मत बनवा.

सतत आकड्यांकडे आणि दुसऱ्याच्या वेळेकडे बघणं

१९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्यॉंच्या एकूण वेळेत ५० सेकंद मागे होता. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची फेरी, उरली होती. वाटेत वेळेतला फरक आपल्याला सांगू नका, असं त्याने संघाच्या गाडीला बजावलं आणि नुसता जोर लावला. टूर त्याने ८ सेकंदांनी जिंकली. हात पुढे टेकवून वाकता येणाऱ्या त्याच्या ट्रायथलॉनच्या हँडलबारचा त्यात मोठा वाटा होता, हे कबूल. तरी गाडीतून येणारे आकडे ऐकून वेग काही वाढणार नव्हता. तुम्हीही सायकलवरच्या स्क्रीनवर एकच आकडा ठेवा, चढावर तर स्क्रीन बंदच बरी.

मनात फक्त छान शर्यत रंगवणं

डोळे मिटून विजयमंचावर चढायला कुणालाही आवडतं. त्याऐवजी पंक्चर, समोरचा वारा, कुणीतरी अनपेक्षित मारलेली मुसंडी हे डोळ्यांपुढे आणा आणि प्रत्येकाला आपलं उत्तर ठरवा. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये, २००४ साली, ट्रॅकवर एकेकट्याने पळायच्या एक किलोमीटरच्या शर्यतीत ब्रिटनचा क्रिस होय सगळ्यांत शेवटी उतरणार होता. त्याच्या आधी फ्रान्सच्या अर्नो तुर्नाँने ६१ सेकंदांच्या आत वेळ दिली. कुणी आपल्याआधीच विक्रमी वेळ दिली तर काय करायचं, याची तयारी होयने मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्ह पीटर्स यांच्यासोबत करून ठेवली होती. त्याने ६०.७११ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं.

घोळक्याची धास्ती

ही विचाराने जात नाही, सरावाने जाते. दोन-तीन ओळखीच्यांसोबत खांद्याला खांदा लावून चालवा. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पुढच्या रस्त्याकडे ठेवा. भीतीपोटी शेपटाला राहिलात तर प्रत्येक वळणानंतर तुम्हालाच जास्त पळावं लागेल.

सुरू होण्याआधीच्या धडधडीचं मनावर घेऊ नका, ती सगळ्यांनाच असते. मात्र आठवडे उलटले तरी सायकलकडे बघावंसं वाटत नसेल, झोप तुटक होत असेल आणि सकाळची नाडी नेहमीपेक्षा चढी असेल, तर तो अतिसराव असू शकतो. आठवडाभर सायकल भिंतीला टेकवा. तरीही फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा.