जबडा घेऊन बांबोळीला जाताना

जबडा दुखतो म्हणून बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयाची सकाळची ओपीडी गाठायची असेल तर आधी वही काढा. आठवडाभर लिहा: कधी दुखतं, कानापुढे की कानशिलात, आणि त्याआधी काय खाल्लं होतं. माझ्या वहीत सलग तीन दिवस कडक उंडो (गोव्याचा गोल पाव) निघाला आणि चौथ्या दिवशी जत्रेतलं खाजं! जबडा सकाळीच आंबलेला असेल तर झोपेत दात खाता का, हे घरच्यांना विचारून जा.

दिवसाही पाळत ठेवा. फोनवर तासातासाला गजर लावायचा आणि वाजला की बघायचं, वरचे-खालचे दात टेकलेत का. ओठ मिटलेले असले तरी आत दात सुटे हवेत. माझे बहुतेक वेळा घट्ट आवळलेले सापडले, स्कूटर चालवताना तर हमखास.

मग आरशासमोर मधली तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा. साधारण 40 मिलिमीटर तोंड उघडलं की ती मावतात. दोनच गेली, जबडा एका बाजूला वळला किंवा मध्येच अडकला, तर तसं लिहा. नुसता खटका वाजतो पण दुखत नाही, त्याला सहसा उपचार लागत नाहीत. सुपारी, गुटखा खात असाल तर लाजू नका, सांगा. त्यानं गाल आतून ताठरतात आणि तोंड उघडेनासं होतं, तो आजारच वेगळा. विजेचा झटका बसल्यासारखी कळ येत असेल तर तीही सांगा, ती नसेची असू शकते.

पिशवीत आधार कार्ड, जुने एक्स-रे, नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायची प्लेट) असल्यास तो, आणि गोळ्यांची पाकिटंच टाका, कारण नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात खाणं वाढतं. रांगेत वेळ जाईल, पेज पिऊन निघा.

पहिल्या दिवशी मिळेल ते साधंच: मऊ खाणं, गरम शेक, जबड्याचे व्यायाम, थोडे दिवस वेदनाशामक, लागलीच तर रात्रीची प्लेट. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. कोणी दात कानसून चावा जुळवू म्हणालं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. एका खाजगी दवाखान्यात मी धडधाकट दाढेचं रूट कॅनल करून बसले. दुखत होता गालाचा स्नायू.

मात्र जबड्याबरोबर छाती दाटली, घाम फुटला, तर वही राहू दे, 108 लावा. पन्नाशीनंतर कानशील नव्यानं ठणकू लागलं, घास चावताना जबडा भरून आला किंवा नजर अंधुकली, तर त्याच दिवशी मेडिकल कॉलेज गाठा, नजर जाण्याचा धोका असतो.

परतीच्या बसमध्ये जांभई येईलच. तेव्हा हनुवटीखाली मूठ धरा.